फरशीवाल्या हेराबद्दल माझं मत

अमेरिकेत, टेक्सासमधल्या शुगर लँडमध्ये दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही, गाड्या दिसतात. मुलगा आणि सून साडेसातला कामावर जातात, नात शाळेत, आणि मी सहापर्यंत घरात एकटी. पायी जावं असं जवळ काही नाही. दार उघडलं की भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढल्यासारखी वाफ तोंडावर येते. म्हणून बुधवार मला महत्त्वाचा होता. त्या दिवशी दोन वाजता नागपूरचे एक निवृत्त इंजिनियर मला गाडीतून न्यायचे. सगळे त्यांना काका म्हणत, मीही म्हणायचे. लायब्ररीतल्या एका खोलीत आम्ही आठ-दहा म्हातारी माणसं पिक्चर बघायचो, आणि तो संपला की प्रत्येकाने आपलं मत सांगायचं असा नियम होता.

तिथे बाकीच्या बायकांना काकू म्हणत आणि मला मॅडम.

त्याचं कारण असं. आमच्या घरी सहा महिने मी असते आणि सहा महिने माझी विहीण, सुनेची आई. इथे बऱ्याच घरांत अशीच पाळी असते. विहीण मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती. मागच्या हिवाळ्यात सुनेने फोन करून तिला या ग्रुपमध्ये घातलं, पण तिचे गुडघे धरलेले, ती एकदाही गेली नाही. एप्रिलमध्ये मी आले, आणि पहिल्या बुधवारी सून जेवणाच्या सुट्टीत येऊन मला लायब्ररीच्या दारात सोडून परत ऑफिसला पळाली. इथे म्हाताऱ्या माणसाला नावाने कोणी ओळखत नाही, मुलाच्या किंवा मुलीच्या घरावरून ओळखतात. त्या घरातली आजी आली म्हणजे मुख्याध्यापिकाच आली, असं धरून त्यांनी मला हातांच्या खुर्चीत बसवलं. तशी खुर्ची खोलीत एकच होती.

मी चौथी पास. सांगलीला हळदीच्या गोदामात पंचवीस वर्षं हळकुंडं निवडली. पहिल्या बुधवारी हे लोक मला मॅडम का म्हणतात ते कळलं नाही. अमेरिकेत तशी पद्धत असेल असं वाटलं. दुसऱ्या बुधवारी कळलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. खुर्चीत पाठ दुखत नव्हती.

मग सवय झाली. माझं मत सगळ्यांत शेवटी विचारायचे, आणि मी काहीही बोलले तरी माना हलवायचे. मुख्याध्यापिका असून किती साधं बोलतात, असं एकीने माझ्यासमोरच दुसरीला सांगितलं. पुण्याच्या एक काकू होत्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. गणपतीच्या अंकासाठी लिहिलेला लेख त्यांनी मला तपासायला दिला. मी तो घरी दोनदा वाचला. चुका काही दिसल्या नाहीत, कंटाळा मात्र आला. लांबलाय, अर्धा काढा, एवढं सांगून परत दिला. त्यांनी अर्धा काढला.

मे महिन्यात सुनेने सांगितलं की नातीच्या शाळेच्या ग्रॅज्युएशनला आई येतेय, गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, आता तीही बुधवारी येईल तुमच्याबरोबर. दोन आठवडे हातात होते. विहीण आली की सगळं उघडं पडणार होतं. पडू दे. पण त्यानंतर काका मला न्यायला येतील का, एवढाच माझ्यापुढे प्रश्न होता. ते आले नाहीत तर सप्टेंबरपर्यंत मी आणि टीव्ही.

त्या बुधवारी हेराचा एक विनोदी हिंदी पिक्चर लावला होता. एक माणूस फरश्या विकायला परदेशात जातो. हॉटेलवाला त्याला चुकून दुसऱ्याची खोली देतो, आणि ती खोली एका हेराची असते. मग दोन्ही बाजूंचे लोक त्यालाच हेर समजतात. तो म्हणतो, ही फरशी ओली झाली तरी घसरत नाही, की ते घाईघाईने वहीत लिहून घेतात. चहात साखर मागितली तरी त्यात काहीतरी खूण असेल म्हणून रात्रभर बसून अर्थ लावतात. सगळे हसत होते. मला हसू आलं नाही.

पिक्चर संपल्यावर काकांनी सुरुवात केली. असं घडूच शकत नाही, हेरखात्यात कागदपत्रं तपासल्याशिवाय कोणी कोणाला आत घेत नाही, असं त्यांचं म्हणणं. पुण्याच्या काकूंना विनोद ओढूनताणून आणलेला वाटला. एक आजोबा म्हणाले पहिला अर्धा भाग छान होता. त्यात ते झोपले होते. दादरच्या एका काकूंना त्या फरशीवाल्याची कीव आली. बिचारा निरपराध माणूस, उगाच अडकला, असं त्या म्हणाल्या आणि बहुतेकांना ते पटलं.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणाले, "तो निरपराध नाही. तिसऱ्या दिवशी त्याला सगळं कळलं होतं. खोली मोठी होती, नाश्ता चांगला मिळत होता, म्हणून गप्प बसला."

दोघांनी मान हलवली.

"मला ठाऊक आहे, कारण मीही तेच केलं. मुख्याध्यापिका माझी विहीण. मी हळदीच्या गोदामात कामाला होते. चौथी शिकलेय."

आजोबांनी शेजारच्याला विचारलं की पिक्चरमध्ये हळद कुठे होती.

पुण्याच्या काकूंचा चेहरा लाल झाला. "आणि माझा लेख अर्धा कापायला लावलात तो?"

"लांब होता."

"तुम्हाला काय अधिकार होता?"

"अधिकार नव्हता. पण लांब होता."

त्यावर दादरच्या काकू खाली बघून हसल्या. लेख त्यांनीही वाचला असावा.

काकांनी मला घरी सोडलं. वाटेत त्यांनी बातम्या लावल्या, एरवी गाणी लावायचे. दारात उतरताना मी त्यांना म्हटलं की पुढच्या बुधवारी जमलं तर या. ते बघू म्हणाले.

पुढच्या बुधवारी पावणेदोनलाच मी चपला घालून दाराशी बसले. दोन वाजले. दोन दहा झाले. मी चपला काढल्या. मग हॉर्न ऐकू आला. फ्रीवेवर अपघात झाला होता, असं काकांनी सांगितलं. खरं असेल.

हातांच्या खुर्चीत आजोबा बसले होते. मला घडीची लोखंडी खुर्ची मिळाली. पाठ दुखली. तो पिक्चर तीन बहिणींचा होता, आणि मला शेवटी नाही, मधेच कधीतरी विचारलं. धाकटी मूर्ख आहे, असं माझं मत मी सांगितलं.

पुण्याच्या काकूंनी मला वाक्यही पुरं करू दिलं नाही. "काकू, हे मला अजिबात पटत नाही," त्या म्हणाल्या आणि का पटत नाही ते सांगत सुटल्या. मी उलट बोलले, त्या उलट बोलल्या. एप्रिलपासून त्या खोलीत माझं म्हणणं कोणी खोडून काढलं नव्हतं. काका घड्याळ बघत उभे होते, तरी आमचं संपलं नव्हतं.