इकबालच्या होडीचं भोक

अल रुवैसच्या बंदरावर कासम तोंडाचा फटकळ म्हणून प्रसिद्ध. कुणी फुटकी होडी घेऊन आला की त्याला आधी यथेच्छ बोलून घ्यायचं आणि मगच कामाला हात लावायचा, अशी त्याची पद्धत. वडील दाभोळच्या खाडीवर लाकडी होड्या बांधायचे. कासम तरुणपणीच कतारला आला, वेल्डिंग शिकला आणि अ‍ॅल्युमिनियमच्या होड्या दुरुस्त करण्यात मुरला. धाकट्या भावाला, इकबालला, त्यानेच इकडे आणलं आणि एका मालकाच्या तसल्याच होडीवर कामाला लावून दिलं.

यंदाच्या हिवाळ्यात इकबाल मासळीचे पिंजरे काढायला एकटाच गेला आणि वाऱ्यात सापडला. होडी मागच्या बाजूने भरली. आधी होडी सापडली, मग इकबाल. त्याला इथेच दफन केलं. मालक म्हणाला, होडी भंगारात दे, खलास. कासम ऐकेना. उभं आयुष्य पाण्यावर काढलेला आपला भाऊ बुडतो कसा, हे त्याला कळायलाच हवं होतं. तिकडे गावी नवऱ्यामागची इद्दत पाळत घरात बसलेली इकबालची बायको रुकैया फोनवर दर वेळी एवढंच विचारायची, की तिने पाठवलेला तावीज होडीत होता ना. कासम म्हणायचा, बघून सांगतो.

होडीच्या तळावरची मागची फळी उचकटली तेव्हा खाली पांढरी भुकटी साचलेली दिसली. त्या भुकटीत तांब्याचा तावीज हिरवा होऊन रुतून बसला होता. कासमने तो उचलला आणि खालच्या भोकातून बंदरावरची वाळू दिसली.

होडीत तांब्याचा तावीज ठेवायची त्यांच्याकडे जुनी रीत. लाकडाला तांब्याचं काही वावडं नाही. वडील तर खिळेसुद्धा तांब्याचे ठोकायचे. अ‍ॅल्युमिनियमशी मात्र तांब्याचं हाडवैर. दोघांत खारं पाणी आलं की पत्रा झिजत जातो, आणि वरून काही दिसत नाही. कुणाच्या होडीच्या तळाशी साधं नाणं पडलेलं दिसलं तरी कासम त्याला फैलावर घ्यायचा. आपल्याच घरून आलेला तावीज भावाने कुठे ठेवलाय, हे विचारायचं मात्र त्याला कधी सुचलं नव्हतं.

आता रुकैयाला काय सांगायचं? नवऱ्याच्या जिवासाठी तिने पाठवलेल्या ताविजानेच होडीला भोक पाडलं, हे कुठल्या तोंडाने सांगणार? आणि गप्प तरी कसं बसणार? बंदरावरच्या कितीतरी कोकणी खलाशांच्या होड्यांत असेच तावीज होते, असेच फळीखाली.

कासमने मधला मार्ग काढला. खलाशांना गोळा करून त्याने बजावलं, की तळाशी घाण पाणी साचतं, तिथे अल्लाचं नाव ठेवणं बेअदबी आहे, तावीज गळ्यात घाला. सगळ्यांना पटलं. त्याच्याच गावच्या सोहेल नावाच्या खलाशाने तर त्याच्यासमोरच फळी उचकटली. रुकैयाला कासमने कळवलं, तावीज जागेवर होता, काळजी करू नकोस. दोन्ही बाजू छान सांभाळल्या, असं त्याला वाटलं.

मग तो होडीला भिडला. चकचकीत, धड पत्रा लागेपर्यंत सडका भाग कापत गेला. ठिगळाचे कोपरे त्याने गोल केले, कारण टोकदार कोपऱ्यातून चीर जाते. लोखंड वितळण्याआधी लाल होऊन सांगतं तरी. अ‍ॅल्युमिनियम काही न सांगता एकदम खाली गळतं. त्या दिवशी कासमच्या हातूनही ते गळलं. डोळे पुसून त्याने पुन्हा सुरुवात केली.

ठिगळ निवत होतं तेव्हा रुकैयाचा फोन आला. सोहेलने बेअदबीची गोष्ट आईला सांगितली होती आणि ती गावभर झाली होती.

"भाई, फळीखाली ठेवा म्हणून त्यांना मीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "माझ्या हातून बेअदबी झाली, म्हणून अल्लाने त्यांना नेलं काय?"

आपण झाकायला काय गेलो आणि बाईच्या माथी काय मारलं! त्याने तिला सगळं खरं सांगितलं: तांबं, खारं पाणी, पांढरी भुकटी, भोक. फळी उचलून बघणं हे त्याचं काम होतं, आणि त्याने ते केलं नव्हतं, हेही सांगितलं.



"म्हणजे अल्ला रागावला नव्हता," ती म्हणाली.

"नाही गं. नुसतं तांबं होतं."

इतके दिवस तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, असं घरचे सांगायचे. आता तिने हंबरडा फोडला. कासम फोन कानाला लावून उभा राहिला. त्याने तिला गप्प केलं नाही. रडण्याचा भर ओसरल्यावर तिने इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तावीज सोडून दुसरं काही विचारलं.

"भाई, पाणी लय थंड होतं काय हो?"

"होतं," कासम म्हणाला.