ओलं आकाश

माझ्यावर सर्वांत जास्त ऋण कुणाचं, असं विचारलं तर मी वीणाकाकूंचं नाव घेईन. दिल्लीला लागून असलेल्या नोएडातल्या त्यांच्या सोसायटीतली मराठी मंडळी त्यांना 'थांबकाकू' म्हणत, कारण चित्रकला शिकवताना 'थांब' हा शब्द सतत त्यांच्या तोंडी असे. स्वतः मात्र त्या एका जागी कधी थांबल्या नाहीत. रंग पुसायचं टर्पेंटाइनचं फडकं हातात घेऊन खोलीभर येरझाऱ्या घालायच्या, ऊन सरकलं की चित्र ठेवायचा माझा ईझल सरकवायच्या आणि चालता चालताच ओरडायच्या, "थांब रे जरा!"

मी किनवटचा. बाबा तिथल्या एसटी स्टँडवर हमाल. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. निकालाचा कागद हातात दिला की बाबा तो उलटसुलट करून विचारायचे, "पास हाय ना?" आणि देवामागे ठेवायचे. माझं काम पाहून बरं-वाईट सांगणारं माणूस मला पहिल्यांदा दिल्लीत भेटलं, ते म्हणजे काकू.

दिल्लीत नोकरी लागली होती, पण मन कशातच लागत नव्हतं. रविवारी काकूंकडे तैलरंग शिकायला जाऊ लागलो. त्यांनी एका जुन्या परदेशी चित्राची छापील प्रत समोर ठेवली. नदी, झाडं, मोठं आकाश, काठाने पोतं घेऊन चाललेला माणूस आणि त्याला खेटून चालणारी बाई. "नक्कल करायला लाजायचं नाही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याची नजर उसनी मिळते, फुकटात."

झाडं जमली. माणसं जमेनात. कागदावर काढून दाखवली, तर काकू म्हणाल्या, "हे दोघं काय मेट्रोची वाट बघतायत? अरे, ओझं पाठीवर दिसत नाही, टाचेत दिसतं. तुझे बाबा कसे चालतात, ते आठव." मी डोळे मिटले. बाबांचा आवाज आठवला, घामाचा वास आठवला. चाल आठवली नाही.

दिवाळीनंतर काकूंनी सांगितलं की काका रिटायर झाले, आता मुलीजवळ पुण्याला जायचं. मला एकच घोर लागला. त्या जायच्या आत चित्र पुरं व्हायला हवं. पण थंडीत तैलरंग वाळता वाळत नाही. ओल्या रंगावर माणसं रंगवली तर चिखल होतो. मी सारखा बोट लावून बघायचो आणि काकू बोटावर चापट मारायच्या.

शेवटी न राहवून चित्र घरी नेलं आणि माझ्या खोलीच्या गच्चीवर उन्हात ठेवलं. ऊन कसलं, नोव्हेंबरचा धुरकट उजेड. संध्याकाळी पाहतो तर चित्रातल्या ओल्या आकाशभर काळी धूळ चिकटलेली. चित्र घेऊन तसाच काकूंकडे धावलो आणि धूळ पुसायला त्यांच्या हातातलं फडकं ओढू लागलो.

"हात लावू नकोस!" काकू बांधून ठेवलेल्या खोक्यावर चक्क बसल्या. बराच वेळ पाहत राहिल्या, मग हसू लागल्या. "परदेशातल्या नदीवर आपल्या दिल्लीचं आकाश आलं की! आता बिल्कुल पुसायचं नाही."

"पण काकू, तुम्ही निघालात. बघणार कधी?"

"चित्र वाळेल तेव्हा वाळेल, यार. माझ्या तिकिटाची तारीख त्याला कोण सांगणार?"

त्या गेल्या तेव्हा चित्रातला नदीकाठ रिकामाच होता. फेब्रुवारीत मी त्यांना पत्र पाठवलं:

"काकू, सप्रेम नमस्कार. संक्रांतीला गावी गेलो होतो. स्टँडवर बाबांच्या मागे मागे चालत राहिलो. ते वैतागून म्हणाले, 'मागं मागं काय यायलास? पुढं हो की.' तुमचं खरं आहे, ओझं टाचेतच असतं. बाबांची डावी टाच जास्त दबते. इतकी वर्षं मी ती पाहिली नव्हती.

परत आलो तेव्हा आकाश वाळलं होतं. धूळ तशीच ठेवली आहे. तिच्याखाली तो माणूस रंगवला. काकू, तो चालतो आहे.

बाई अजून रंगवलेली नाही. ती त्याला खेटून चालते आणि तो अजून ओला आहे. म्हणून थांबलो आहे."