हुकूम सोडणारी पोरगी

गेममुळे पोरं बिघडली, असं कोणी माझ्यासमोर म्हटलं की मी आधी विचारते, कोण? पोरं की पोरी? कारण आमच्या केनवड गावात बिघडायची परवानगीसुद्धा वाटून दिलेली आहे.

माझी भाची, म्हणजे भावाची मुलगी, अकरावीला आहे. रोज एसटीने रिसोडला कॉलेजात जाते. अभ्यास आटोपला की ती कानाला हेडफोन लावून गच्चीवर बसायची आणि फोनवर लढाईचा गेम खेळायची. टीममध्ये नागपूरची एक मुलगी, इंदूरचा एक मुलगा, आणखी एक कुठला तो देव जाणे. कॅप्टन ही. "मेरे बोले बिना कोई आगे नहीं जाएगा," असं ठणकावून सांगायची, आणि ते ऐकायचे! घरात भाजीला मीठ कमी पडलं तरी ही तोंडातून शब्द काढत नाही. मी शिक्षिका आहे. गटाला सोबत घेऊन काम कसं करावं, हे मुलांना शिकवण्यासाठी आम्ही प्रशिक्षणाला जातो, चहा-बिस्किटं खातो आणि रिकाम्या हातांनी परत येतो. ही ते गच्चीवर बसून शिकली होती.

मागच्या दिवाळीत भाऊबीजेला माहेरी गेले, तर घरात सगळे तोंड पाडून बसलेले. शेजारच्या गच्चीवर माझा चुलतभाऊ सोयाबीन वाळत घालत होता, त्याच्या कानावर तिचं बोलणं पडलं होतं.

"पोट्टी परक्या पोट्ट्याइसंग बोलून राह्यली," तो मला सांगू लागला, "अन् वरून त्याइले हुकूम सोडून राह्यली!"

बोलते याचा राग थोडा, हुकूम सोडते याचा जास्त, हे मला तिथंच कळलं. भावकीनं ओसरीवर बसून ठरवूनही टाकलं होतं, दिवाळीनंतर पोरीचं कॉलेज बंद. तिचा धाकटा भाऊ मित्रांचा फोन घेऊन पारावर तोच गेम खेळतो, शिव्या देत, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा. त्याच्यासाठी कधी कोणी ओसरीवर बसलं नाही. लाज वाटायला हवी होती, पण वाटणार कोणाला?

संध्याकाळी भावाला पाटावर बसवलं, ओवाळलं. त्यानं खिशात हात घातला तसा मी तो धरला.

"मले ओवाळणी नोको. पोरीचं कॉलेज चालू ठेव."

ओवाळायला आलेल्या बहिणीला चारचौघांत नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. म्हणून तर मी तिथंच पकडलं त्याला. तो चुलतभावाकडे बघत राहिला, मग म्हणाला, "बरं. पन फोन तिच्या हाती दिसला नाही पाह्यजे."

भाची दाराआड उभी होती. तिनं डोळे पुसले. मला वाटलं, मी जिंकले.

दुसऱ्याच दिवशी तो फोन धाकट्याकडे गेला, गेमसकट. तिनं जमवलेली टीम आता त्याची. पोरगा ओसरीवर खेळत होता, भावकी कौतुकानं वाकून बघत होती. मध्येच तो अडकला आणि आत ओरडला, "ताई, आता कुकडे जाऊ वं?"

ती चुलीपाशी भाकरी थापत होती. "त्या घराच्या मांगून जाय," ती म्हणाली, "अन् बाकीच्याइले थांबाले सांग."

तो गेला आणि जिंकला. चुलतभावानं त्याची पाठ थोपटली. "लय हुशार निंगालं पोट्टं! हे तं मिलिटरीत जाईन!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोराच्या हातातला फोन हिसकावला आणि आत जाऊन भाचीपुढे धरला.

"घे. ओसरीवर बस अन् सगळ्याइसमोर खेळ. कोन काय म्हनते ते पाहू!"

तिनं पिठाचे हात मागे घेतले.

"नोको ना आत्या," ती हळूच म्हणाली. "कॉलेज बंद करतीन."

फोन माझ्याच हातात राहिला. ओसरीवरून चुलतभावाचा आवाज आला, "काहून नेला वं फोन? पोट्ट्याचा खेळ मोडला ना!"