चंद्या-मोत्याची पिकअप

मोडलेली वस्तू आपण हातात घेतली तर ती आणखी मोडेल, ही भीती माणसाला जन्मतःच असते. ती अजिबात नसलेला एकच गृहस्थ मी आजवर पाहिला आणि तो माझा घरमालक निघाला. मी त्यांना मामा म्हणत असे. रस्त्यात बंद पडलेली परक्याची मोटार दिसली तरी मामांचे हात शिवशिवायचे. ते विचारत नसत, सरळ बॉनेट उघडत. गाडीवाला ‘अहो, अहो’ करत धावून येईपर्यंत दोन स्क्रू मामांच्या दातांत असत. त्यांतल्या काही गाड्या खरोखर सुरू होत. उरलेल्यांचे मालक घणसोलीवरून जाताना गाडी न थांबवायला शिकले.

मी मूळचा साताऱ्याकडचा. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या पावणे गावात पंप बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात नोकरी लागली, लगोलग लग्न झालं आणि आम्ही दोघं घणसोली गावात मामांच्या घरामागच्या खोलीत राहायला आलो. सत्तरचं दशक सरत आलं होतं. मामा खाडीकाठचे पिढीजात शेतकरी. पावसात भात आणि एरवी मिठागर. पण नवी मुंबई वसवायची ठरली, मोजणीवाले साखळ्या घेऊन बांधावर आले आणि मामांचं शेत गेलं. शेतच नाही म्हटल्यावर बैल ठेवून करणार काय? चंद्या आणि मोत्या मुरबाडकडच्या एका शेतकऱ्याने नेले. त्या दिवशी मामा जेवले नाहीत, असं मामी सांगत. चार दिवसांनी ते घरातून निघाले आणि संध्याकाळी एक पिकअप घेऊन परतले. परतले म्हणजे, पुढे मामा स्टीअरिंगवर आणि मागून शेजारच्या तळवली गावापासून ढकलत आलेली दहा-बारा माणसं.

“मिलिटरीची हाय, सायेब,” मामा मला अभिमानाने सांगत. “लराई बगितलीय हिनं.”

ती लढाई तिने बघितली असेल, पण जिंकली नसावी, हे गाडीकडे पाहून कोणालाही कळलं असतं. लष्कराने टाकून दिलेली ती विलायती बनावटीची पिकअप होती. तिचे सुटे भाग इंग्लंडातही मिळत नसावेत. पावण्याच्या गॅरेजमधल्या मिस्त्रींनी एकमुखाने सांगितलं, भंगारात घाला. मामांनी त्या सगळ्यांना मिळून एकच उत्तर दिलं आणि पुढची सगळी वर्षं ते बदललं नाही. “जेनं बनवली तो मानूसच व्हता ना? मंग मी काय बकरा हाय?”

त्या दिवसापासून पिकअपमध्ये जे जे मोडलं, त्याच्या जागी मामांच्या गोठ्यातलं, शेतातलं नाहीतर होडीतलं काहीतरी बसत गेलं. पुढचा बंपर गळून पडला, तिथे बैलांचं जू आलं. ड्रायव्हरच्या सीटचा पत्रा फाटला, तिथे सुंभाने विणलेल्या खाटेचा अर्धा तुकडा आला. पंख्याचा पट्टा तुटला की मामा मासे धरायच्या जाळ्याची नायलॉनची दोरी पिळून चढवत आणि ती तळवलीपर्यंत टिकत असे. डावा दरवाजा गोठ्याचा होता, कडी-कोयंड्यासकट, आणि कडी बाहेरच्या बाजूला. मी कारखान्यापर्यंत मामांबरोबर जायचो तेव्हा पोचल्यावर ते उतरून येत, कडी काढत आणि मला मोकळा करत. एकदा गेटाशी गप्पा मारता मारता ते विसरून चहाला निघून गेले आणि आमचे मॅनेजर येऊन माझी सुटका करीपर्यंत मी आत गुरासारखा अडकून वाट पाहत राहिलो. वायपरला दोन बाजूंनी दोऱ्या बांधल्या होत्या. पावसात त्या आळीपाळीने ओढायचं काम शेजारी बसणाऱ्याचं. हात दुखून मी थांबलो की मामा म्हणत, “वर, वर!” म्हणजे ओढ, ओढ. “शिकलेल्या मानसाला येवढं पन जमत नाय?”

रेडिएटर गळू लागला तेव्हा त्यांनी आमच्याकडून हळद मागून नेली. एकदा, दोनदा, मग डबाच. हळदीने भोक बुजतं हे खरं आहे, पण मामांचा हात सढळ. गाडी तापली की गावभर वरण उकळल्याचा वास सुटे. सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या, त्या दोनदा उठून स्टो पाहून आल्या.

पण या गाडीची खरी खोड तिच्या चाकांत होती. पुढच्या डाव्या चाकाचं नाव चंद्या आणि उजव्याचं मोत्या. मामा कुठलाही बिघाड त्या दोघांवरच ओढत. गाडी डावीकडे ओढली गेली की, “चंद्याला तहान लागलीय.” चढावर दम लागला की, “मोत्या आंग चोरतंय.” बैलांच्या गळ्यातली घुंगरमाळ रेडिएटरच्या जाळीवर बांधली होती, त्यामुळे हॉर्न बंद पडल्यावर काही अडलं नाही. आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर, मग ती एक खिळा ठोकण्याएवढी का असेना, मामा चाकांपुढे नारळ फोडत. काही आठवड्यांत मामींना कालवणासाठी नारळ विकत आणावाच लागत नसे.

खारी हवा गाडीचा पत्रा खाऊ लागली तेव्हा मामांनी होडीवाल्यांकडून माशाचं तेल आणलं. होडीच्या लाकडाला लावतात तेच. त्यांनी ते गाडीच्या सबंध पोटाला चांगलं दोन हात चोपडलं. गंज थांबला की नाही देव जाणे, पण गावातली यच्चयावत मांजरं गाडीखाली राहायला आली. गाडी निघाली की सातआठ मांजरं शेपट्या वर करून मागे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर ट्रकवाले वेग कमी करून ही मिरवणूक बघत.

त्याच वर्षी दिवाळीचा पाडवा आला. आमच्या देशावर बैलांचा सण म्हणजे बेंदूर. इथे पाडव्याला पेंढा पेटवून त्यावरून बैल उडवतात. इडापिडा जळते म्हणतात. गावात ज्यांचे बैल उरले होते त्यांनी उडवले. मामा बराच वेळ हाताची घडी घालून बघत उभे होते. मग म्हणाले, “बैल नाय म्हून सन सोरायचा काय?” आणि गाडीत जाऊन बसले. लोक काय होतंय ते समजून पळाले, मामी देवाचं नाव घेऊ लागल्या आणि पिकअप घुंगरं वाजवत जाळावरून गेली. पोटाला माशाचं तेल. तळण सुरू झालं. खालून ज्वाळा, वर मामा, मागून मांजरं, आणि सबंध गावात खमंग बोंबलांचा वास. मामांनी गाडी तशीच पुढे नेली ती थेट गावच्या तळ्यात. बॉनेटपर्यंत पाण्यात बसून ते काठावरच्या आम्हा सगळ्यांवर ओरडले, “बगितलंत? बैल पन बुजतान जालाला! ही बुजली नाय!”

ते इंजीन वाळवायला मामांना अंगणात महिना लागला, पण त्यांनी ते सुरू केलं. एवढ्यासाठी सांगतो, की मामा मनात आणतील तर काय करू शकत, हे तुम्हाला माहीत असलेलं बरं.

एका गोष्टीबाबत मात्र ते अडून होते. त्यांच्या शेताच्या जागेवर नवी वसाहत उठत होती. चार मजली इमारती, सिमेंटचे रस्ते, सेक्टर. ठेकेदार येऊन विटा-रेती वाहायला गाडी मागत. मामांच्या हाताला तेव्हा दुसरं काम नव्हतं. तरी ते उंबऱ्यावरूनच सांगत, “त्या कॉलनीत माजं चाक जानार नाय. चंद्या-मोत्यानं जिथं नांगर वरला, तिथं मी विटा टाकू?” पलीकडे जायचं झालं तरी हमरस्त्याने मोठा वळसा घालून जात. गावात लोक हसत, पोरंबाळं समजावत. मामा कोणाचंच ऐकत नसत.

आणि नेमका त्याच कॉलनीतल्या घरांच्या सोडतीत माझा नंबर लागला. बघायला गेलो तर इमारतीच्या कुंपणाशी भेंडीचं जुनं झाड उभं. भाजीची भेंडी नव्हे, खाडीकाठी वाढते ती पिवळ्या फुलांची. मामांनी ते मला लांबून अनेकदा दाखवलं होतं. त्यांच्या बांधाचा कोपरा तिथे होता.

घरी येऊन मी मामींना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, “ते तूच सांग बाबा त्यांना.” मामा गाडीखाली होते, फक्त पाय दिसत होते. मी पायांना सांगितलं. पाय हलायचे थांबले.

“कंच्या बाजूला?”

“झाडाजवळ.”

मग आतून हात आला. “पाना दे.” मी पाना दिला. थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला, “सामान कशात नेतंस?”

“टेम्पो ठरवतोय.”

मामा सर्रकन बाहेर आले. तोंड काळं, डोळे लाल. “का? माजी गारी मेली काय?”

सामान पिकअपमधूनच गेलं. पुढे खाटेवर मामा, कडी लावलेल्या दरवाजाशी दुधाचं पातेलं सांभाळत माझी बायको, मागे कपाट धरून मी. कॉलनीच्या वळणावर मामांनी गाडी थांबवली. खाली उतरले, आधी एका चाकावर मग दुसऱ्यावर हात फिरवला आणि परत बसले. गेटावर वॉचमनने विचारलं, “कुठं जायचंय?” मामा म्हणाले, “घरी,” आणि घुंगरं वाजवत आत शिरले.

सामान उतरलं आणि गाडी बंद पडली. भेंडीच्या झाडाला अगदी टेकून. मागोमाग आलेली मांजरं तिच्याखाली जाऊन बसली.

सोसायटीचे सेक्रेटरी दादरहून आलेले, बँकेतले, कडक इस्त्रीचे. दुसऱ्या दिवशी ते खाली आले. “अहो, हे भंगार इथे ठेवता येणार नाही. सोसायटीचे नियम आहेत.”

“कवापासून हाय तुमची सोसायटी?” मामांनी गाडीखालून विचारलं.

“सहा महिने झाले.”

“मंग वाईच थांबा. माजा आजा हितं नांगर धरीत व्हता.”

सेक्रेटरी इकडेतिकडे बघत वर गेले.

त्यानंतर मामा रोज सकाळी हत्यारांची गोणी खांद्यावर टाकून गावातून चालत येत. झाडाखाली गोणपाट पसरत, एकेक भाग सोडवून मांडत. ऊन डोक्यावर आलं की मामी टोपलीतून तांदळाची भाकरी आणि सुकट घेऊन येत आणि दोघं सावलीत बसून जेवत. मी आमच्या कारखान्यातला फिटर आणतो म्हटलं. “हात नाय लावायचा कोनी.” बायको गॅलरीतून चहाला बोलवायची. मामा मान वर करून म्हणत, “वर नाय येत, बाय. माजं सगलं खालीच हाय.” मग ती कपबशी घेऊन खाली जाई. मला राहून राहून आश्चर्य वाटत होतं. तळ्यातून काढलेलं इंजीन जिवंत करणारा हा माणूस, याला झालंय तरी काय? एका सुट्टीच्या दिवशी मी गॅलरीत उभा राहून नीट पाहिलं. मामा काहीच करत नव्हते. चंद्याला पाठ टेकून, पाय लांब करून बसले होते आणि एका हाताने शेजारची माती उकरून बोटांनी चोळत होते. मी आत गेलो आणि दिवसभर गॅलरीचं दार लोटून ठेवलं.

आठवडा उलटला. भाताची पेरणी करायचे दिवस आले. इकडे पेरणीआधी बांधावर नारळ फोडतात. त्या सकाळी मामांनी सगळे भाग जागच्या जागी बसवले आणि नारळ काढला. मी चाकांपुढची जागा मोकळी करू लागलो, तर ते मला ओलांडून झाडाकडे गेले आणि त्यांनी नारळ झाडाच्या मुळाशी फोडला. खोबऱ्याचे तुकडे केले. मामींना दिला, मला दिला, वॉचमनला दिला. सेक्रेटरी ऑफिसला निघाले होते, त्यांच्याही हातावर ठेवला. त्यांनी तो खाल्ला. मग मामांनी हॅन्डल अर्धंच फिरवलं आणि गाडी सुरू झाली.

“मामा, झालं तरी काय होतं तिला?”

“काय नाय.” त्यांनी घुंगरमाळ सारखी केली. “चंद्या-मोत्याला जागेची वलक पटली. हलत नव्हते. समजावलं.”

मामी मागे चढल्या. गाडी गेटातून बाहेर पडली, पुन्हा कधी आत आली नाही. मी अधूनमधून गावात जात असे. मामांचे पाय गाडीखालून बाहेर दिसत आणि बरं वाटे. मग एका वर्षी मामा गेले. त्यांच्यानंतर गाडीला हात लावायची कोणाची छाती झाली नाही आणि शेवटी ती भंगारवाल्यानेच नेली. जू तेवढं मामींनी काढून घेतलं. आता ते त्यांच्या उंबऱ्याशी भिंतीला लावून ठेवलंय. माझा मामांवर इतका जीव होता हे मला ते जू बघताना कळलं.

आमच्या झाडाखाली गाडीतून गळलेल्या तेलाचा डाग बरीच वर्षं होता. दोन-तीन पावसाळ्यांनी वास गेला, मग डागही गेला. पण मांजरं येतात. ती त्या वेळची मांजरं नव्हेत, त्यांची नातवंडं-पतवंडं असतील. माशाचं तेल त्यांनी कधी हुंगलेलं नाही. तरी सबंध सोसायटी सोडून संध्याकाळी तिथेच येऊन बसतात. परवा सेक्रेटरींनी मला गाठलं. आता त्यांचेही केस पिकलेत. म्हणाले, “ही मांजरं कितीदा हाकलली, पुन्हा इथेच. यांना या जागेत काय दिसतं हो?”

मी म्हटलं, “राहू द्या त्यांना. आपल्या आधीपासूनची आहेत.”