मधल्या सुट्टीतलं दूध

थोरली लेक पाच महिन्यांची असताना मी पिंपरीला एका कारखान्याच्या बांधकामावर घमेली उचलायला जाऊ लागले. आमचं घर नदीपलीकडे, काळेवाडीत. मुकादमानं पहिल्याच दिवशी बजावलं, "पोर कामावर आणायचं न्हाई." म्हणून मधल्या सुट्टीत सासूबाई लेकीला घेऊन नदी ओलांडून यायच्या. तिला पदराखाली घेतलं की माझाच डोळा लागायचा. भाकरी तशीच राहायची. "ऊठ गं, सुट्टी सरली," म्हणत सासूबाई खांदा हलवायच्या.

श्रावणातल्या एका दिवशी सकाळी मी गुडघाभर पाण्यातून आले आणि दुपारपर्यंत नदी चढली. सासूबाई येऊ शकल्या नाहीत. तिसऱ्या प्रहरी छाती दगडासारखी झाली, चोळी भिजली. घमेलं डोक्यावर घेताना हात वर केला की कळ यायची. कामावरच झोपडी करून राहणारी मराठवाड्याकडची एक बाई तापानं पडली होती. तिचं दूध आटलं होतं, आणि तिचं तान्हं रडून रडून घोगरं झालं होतं.

मी घमेलं खाली ठेवलं आणि झोपडीत शिरले. "द्या इकडं."

"तुमच्या घरी चालंल का?" तिनं विचारलं.

मी बाळ पदराखाली घेतलं. बाळ ओढून ओढून प्यायलं. मला इतकं हलकं वाटलं की रडूच आलं. माझी पोर पलीकडे उपाशी असेल आणि मला इथं बरं वाटतंय, याची लाज वाटली. मुकादम दारापर्यंत आला, पाठ फिरवून म्हणाला, "आटपा लवकर."

लांबच्या पुलावरून वळसा घालून घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. सासूबाईंनी बोंडल्यानं शेळीचं दूध पाजून लेकीला निजवलं होतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी लेकीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाल्या, "वाया गेलं असतं त्यापरीस बरं केलंस. नदी उतरली की मी पोरीला घिऊन दिसभर तिथंच बसते. मुकादमाला काय बोलायचं ते मला बोलू दे."

तशा त्या आल्या आणि त्या झोपडीतच बसल्या. म्हातारीपुढे मुकादमानं तोंड उघडलं नाही. मी दोन्ही पोरांना पाजत राहिले. ती बाई आठवड्यानं उठली, तिला पुन्हा दूध आलं. माझी लेक दीड वर्षाची होईपर्यंत पीत राहिली. लोक विचारतात, तेव्हा कसं निभावलं? मला नीट सांगता येत नाही. त्या वर्षातली माझ्या डोळ्यांवरची झोप तेवढी आठवते.