साखरपुड्याचे पिटुनिया

नणंदेच्या साखरपुड्याला आमच्या ओट्यावर सदतीस कुंड्या होत्या आणि फूल एकही नव्हतं.

यात झाडांची काही चूक नव्हती. ऊन भरपूर होतं, पाणी वेळेवर होतं, शेणखत तर घरच्याच गाईचं होतं. चूक माझी होती. पण ते कळायला साखरपुड्याचा दिवस उजाडावा लागला.

मी मूळची आसनगावची. दोन खोल्यांचं घर, आणि खिडकीच्या गजाला टांगलेली एक कोरफड, एवढीच आमची बाग. लग्न होऊन वैशाखऱ्याला आले तेव्हा मला नवऱ्याइतकाच ओटा आवडला. (नितीनला हे सांगितलेलं नाही.) लांबच्या लांब ओटा, आणि समोर माळशेजचे डोंगर. दुपारी काम आवरलं की चहाचा कप घेऊन मी खांबाला टेकून बसायची. डोंगरांवरून ढगांच्या सावल्या सरकत जायच्या, त्यांच्याबरोबर मीही कुठेतरी सरकायची. भानावर यायची तेव्हा चहावर साय धरलेली असायची.

"ही बसलीय का झोपलीय?" नितीन विचारायचा.

"सपनं बघते," सासूबाई म्हणायच्या. "बघू दे. गॅस बंद केलाय का तेवढं बघ."

अशाच एका दुपारी फोनवर मला पिटुनियाचा फोटो दिसला. एका घराच्या ओट्यावरून जांभळी, गुलाबी, पांढरी फुलं धबधब्यासारखी खाली ओसंडत होती. मी मान वर केली. आमच्या ओट्यावर आबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, धोतर वाळत होतं. मी डोळे मिटले. धोतर गेलं, फुलं आली!

त्याच आठवड्यात नणंदेचं, कल्पनाचं, डोळखांबच्या विकासशी जमलं. साखरपुडा आमच्याच घरी करायचा ठरला, फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी. जेवताना सासूबाई म्हणाल्या, "पिलास्टिकच्या माळा हायेत माळ्यावर. धुऊन लावू."

"प्लास्टिक?" मी घास खाली ठेवला. "आई, आपल्या कल्पनाच्या साखरपुड्याला बाहेरून एक फूल आणायचं नाही! सगळा ओटा मी फुलवणार. बुद्धवंदनेलासुद्धा घरचीच फुलं!"

"आनि नाय फुलली तर?" आबांनी विचारलं.

"फुलणारच, आबा!"

कल्पनाने माझा हात धरला. "वहिनी, खरंच? मला तर तसाच फोटो हवाय, फुलांच्या मधोमध उभं राहून." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आता माघार नव्हती.

शहापूरच्या एका रोपवाटिकेतून मी बी आणलं. पिटुनियाचं बी म्हणजे नुसती भुकटी. एका शिंकेत अख्खी बाग उडून जावी, इतकं बारीक! तिथल्या काकांनी पुडी बांधता बांधता सगळं सांगितलं: बी मातीवर नुसतं भुरभुरायचं, वर माती टाकायची नाही, भरपूर ऊन द्यायचं, कुंडीला खाली भोक हवंच, नाहीतर मुळं कुजतात. आणि रोप वीतभर झालं की शेंडे खुडायचे, म्हणजे बाजूने फुटवे येतात. सगळं मी मान डोलावत ऐकलं. (म्हणजे मान डोलत होती. मी तोवर धबधब्यापाशी पोचले होते.)

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर सासूबाई मोरीपाशी उभ्या, तळहातावर काळी भुकटी आणि बोट दातांवर!

"आई! थांबा!"

"काय गो झालं? ही मशेरी कुठनं आनलीस? भाजलीच नाय नीट. चवच नाय हिला."

अर्धा पिटुनिया चुळीबरोबर गेला. उरलेला अर्धा मी त्यांच्या तळहातावरून, अक्षरशः श्वास रोखून, ताटलीतल्या मातीवर झटकला. आणि नवल म्हणजे तेवढ्यातूनही रोपं आली. आठ-दहा दिवसांत हिरवे ठिपके, मग इवलीशी पानं. मी तासन् तास त्यांच्याकडे बघत बसायची. एकदा तर भात करपला.

मग कुंड्या हव्या झाल्या. रंगाचे डबे, तेलाचे डबे, फुटका कुकर, नितीनचं जुनं हेल्मेट, काहीही सोडलं नाही. मी एक एक आणून मागच्या अंगणात ठेवायची आणि रविवारी नितीन ड्रिल मशीन घेऊन सगळ्यांच्या बुडाला भोकं पाडायचा. त्याच्यात भलताच उत्साह संचारला होता. तिसऱ्या रविवारी आबा आंघोळीला गेले. आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. मग पुन्हा ओतल्याचा. मग आबांचा.

"अरे, या बादलीत पानी का ठरत नाय?"

नितीनने मशीन हळूच पाठीमागे लपवलं. त्या बादलीतही मी तीन रोपं लावली. अशा सदतीस कुंड्या झाल्या.

रोपं वीतभर झाली तशी रात्रीच्या जेवणात मी घरच्यांना चार गोष्टी समजावून सांगितल्या. "हे बघा, पिटुनियाचे शेंडे खुडावे लागतात. जितकं खुडाल तितकं फुलेल. आणि सुकलेलं फूल दिसलं की लगेच काढायचं, म्हणजे नवी येतात."

'जितकं खुडाल तितकं फुलेल' हे वाक्य काकांचं नव्हतं. ते माझं होतं. म्हणताना माझा आवाज जरा स्वप्नाळू झाला होता, हेही आठवतं. काका म्हणाले होते, "एकदा खुडायचं, फार तर दोनदा, मग हात लावायचा नाही." तो भाग मी धबधब्याच्या आवाजात ऐकलाच नव्हता; पुढे काकांनीच तो पुन्हा ऐकवला.

सगळे खाली बघून जेवत होते. सासूबाई फक्त म्हणाल्या, "तुझं तू बघ गो बाय. आमाला वेळ नाय."

मी दर दोन-तीन दिवसांनी शेंडे खुडू लागले. झाडं काय फोफावली म्हणून सांगू! हेल्मेट दिसेनासं झालं. कुकर झाकला गेला. डिसेंबर गेला, जानेवारी निम्मा सरला. सगळीकडे हिरवंगार.

"फुलं कधी?" कल्पनाने विचारलं.

"तयारी चाललीय त्यांची," मी म्हटलं. "एकदम येणार बघ!"

जानेवारी संपला. मी रोज सकाळी उठल्या उठल्या ओट्यावर जायची. पानं माझ्याकडे बघायची, मी पानांकडे. एकदा एका फांदीवर मला चक्क जांभळं टोक दिसलं! आनंदाने मी आत सगळ्यांना बोलवायला गेले, पण कुणी अंघोळीत, कुणी गोठ्यात. दुपारी पाहिलं तर टोक गायब. मला वाटलं, मला भास झाला असणार. (मला भास होतात यावर घरात कुणाचंच दुमत नव्हतं.)

शनिवारी संध्याकाळपर्यंत मी आशा सोडली नव्हती. रविवारी सकाळी सोडली. पाहुणे अकराला येणार होते, दहाला मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तोंड लपवून उभी होते. कल्पना नवी साडी नेसून आली आणि मला म्हणाली, "जाऊ दे वहिनी, हिरवा ओटाही छान दिसतो." ती माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात सासूबाईंनी कोठीच्या खोलीतून परात काढली. परातभर झेंडू!

"आई, हे कधी आणलंत?"

"काल. शेजारच्या मळ्यातनं."

"म्हणजे तुमचा माझ्यावर विश्वास नव्हता?"

"तुज्यावर होता गो," त्या म्हणाल्या. "फुलांवर नव्हता."

पाहुणे आले. वंदना झाली, झेंडू वाहिले, अंगठ्या झाल्या, एकमेकांना पेढे भरवून झाले. सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असतानाच विकासची आत्या चहा घेऊन ओट्यावर आली. डोळखांबची आत्या, डोंगरउतारावर नाचणी काढणारी, हाताला मातीचा सराव असलेली बाई. तिने सदतीस कुंड्यांवरून नजर फिरवली आणि तिचा चेहरा खुलला.

"अगो बाय! भाजी काय झ्याक लावलीय! कसली गो ही?"

मी नुसती आबांकडे बघू लागले. आबा मदतीला धावले. "इंग्लिश भाजी हाय."

आत्याने एक पान चुरगाळून बघितलं. "चिकट हाय. भेंडीच्या जातीची दिसते. पन कवळी कशी ठेवलीय! आमच्याकडं बायका भाजी जून होईस्तोवर बघत नाय. रोजच्या रोज खुडत असनार कोन तरी. कोन खुडतं?"

"मी!"

हे मी म्हणाले. पण माझ्याबरोबर नितीनही म्हणाला. आबाही म्हणाले. दारात उभ्या सासूबाई म्हणाल्या, आणि ओट्याच्या टोकाला नवरदेवाशेजारी खाली मान घालून बसलेली कल्पनाही म्हणाली. पाच 'मी' एका तालात, जणू शाळेतली हजेरी!

आम्ही पाच जण एकमेकांकडे बघू लागलो.

"तू?" मी नितीनला विचारलं.

"कामावर जायच्या आधी, रोज. तू झोपलेली असायचीस. म्हटलं, तेवढाच तुला हातभार."

"आबा, तुम्ही?"

"शेंडा वाढलेला माज्याच्यान बघवत नाय," आबा म्हणाले. "गोठ्यातनं येता येता जरा..."

"आई, तुम्हाला तर वेळ नव्हता!"

सासूबाई पदर चाचपू लागल्या. "मी शेंड्याला हात नाय लावला. तूच बोललीस ना, सुकलेलं फूल काढत जा. रोज पाच-सहा सुकलेली असायची. पीळ पडलेली, सुरकुतलेली. ती तेवढी काढली."

"आई! त्या कळ्या होत्या! पिटुनियाची कळी तशीच असते, पीळ घातलेली!"

"मग आधी सांगायचं नाय?"

आता सगळ्यांनी कल्पनाकडे पाहिलं. ती पेढ्यासारखी पिवळी झाली होती. "मी मुद्दाम नाही काही... फोनवर बोलता बोलता हाताला चाळा..."

"कुणाशी बोलताना?" आत्याने विचारलं.

विकासने घसा साफ केला. "दीड-दीड तास व्हायचा रोज," तो हळूच म्हणाला.

मला धरणीने पोटात घेतलं असतं तर मी कुंडीसकट गेले असते. व्याह्यांसमोर घराची अशी शोभा! भाजी नाही, फूल नाही, आणि वर भर ओट्यावर कबुलीजबाब. आत्या माझ्याकडे बघत होती. मग तिचे खांदे हलू लागले. मला वाटलं, रागाने. पण तिने कप खाली ठेवला, तोंडाला पदर लावला आणि अशी हसली, अशी हसली, की खोलीतली माणसं बाहेर आली.

"कल्पना," डोळे पुसत ती म्हणाली, "या घरानं तुलाबी असंच जपलं असनार. आमच्याकडं जरा कमी जपू हां. म्हंजे फुलशील!"

मग सगळेच हसले. कल्पना हसता हसता रडली, सासूबाई रडता रडता हसल्या, आणि फोटोत सगळ्यांच्या मागे हिरवागार पाला आला.

पाहुणे गेल्यावर आबांनी ओट्याच्या खांबांना दोरी बांधली आणि घोषणा केली, "या दोरीपल्याड कुनाचा हात दिसला तर बघा!" कल्पनाने फोनवर बोलायला गोठ्याची जागा धरली. बारा दिवस झाडांकडे कुणी फिरकलं नाही, पाणीसुद्धा आबाच लांबून घालायचे. तेराव्या दिवशी सकाळी मी दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभी राहिले. इतके दिवस खुडलेल्या प्रत्येक शेंड्यातून दोन-दोन, चार-चार फांद्या आल्या होत्या आणि एकूण एक फांदी फुलली होती. जांभळा, गुलाबी, पांढरा धबधबा ओट्यावरून थेट अंगणात उतरला होता. कोवळं ऊन त्यातून झिरपत होतं. समोर डोंगरांवर ढगांच्या सावल्या होत्या, आणि या वेळी माझे डोळे उघडे होते. आम्ही पाचही जण किती तरी वेळ दोरीच्या अलीकडे उभे राहिलो. कल्पनाचा फोटो आम्ही तेव्हा काढला.

त्याच दुपारी माळशेजकडे निघालेली एक गाडी आमच्या दारात थांबली. गॉगल लावलेल्या एक बाई उतरल्या आणि हात जोडूनच पुढे आल्या. "अहो, काय अप्रतिम! माझे तर दरवर्षी मरतात. तुम्ही कसं केलंत हे? काय पथ्य पाळलंत?"

मी खांबाला टेकले, डोंगरांकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "विशेष काही नाही हो. झाडांच्या मध्ये मध्ये करायचं नाही, एवढंच मी पहिल्या दिवसापासून पाळलं."

आत आबांना जो ठसका लागला, तो त्या बाईंची गाडी घाटाला लागेपर्यंत थांबला नाही.