राजवाड्यातून आलेला खण

नातीचं लग्न होऊन चार महिने झाले. परवा ती आली, मोबाइल माझ्या डोळ्यांपुढे धरला आणि म्हणाली, "आजोबा, हे बघा. जुन्या राजवाड्यात राहायचं. राजाराणीचे कपडे देतात, दारात पाय धुतात, रोज संध्याकाळी दरबार. दोन दिवसांचे पैसे ऐकाल तर चक्कर येईल. तुम्ही आणि आजी गेला होतात ना असल्या ठिकाणी? खरं सांगा, पैसे वसूल होतात का?"

हा प्रश्न मला चाळीसहून जास्त वर्षं लोक विचारत आलेत आणि मी एकच उत्तर देत आलोय, "वसूल." या वेळी तो शब्द तोंडातून निघेना. तिची आजी जाऊन दोन वर्षं झाली. जिच्यापासून लपवायचं तीच राहिली नाही. मी नातीला म्हणालो, लिहून देतो. ती हसली. "हॉटेलबद्दल लिहून?" म्हणाली.

हो, हॉटेलबद्दलच.

तेव्हा मी सोलापुरात एका चादरीच्या कारखान्यात नक्षी काढायचो. चौकटीच्या मोठ्या कागदावर एकेक घर रंगवत मोर, कमळ, कळस उठवायचे आणि त्यावरून मागावर चादर विणली जायची. पगार बरा होता. स्कूटरसाठी नंबर लावला होता, तो यायला अजून काही वर्षं होती. पैसे मात्र बाजूला काढून ठेवलेले.

बायकोचे वडील ती लहान असतानाच गेले होते. तिला वाढवलं दुधनीच्या मामानं. तो तिथल्या बाजारात धान्याचा लिलाव पुकारायचा. आवाज असा, की या टोकाला बोली लावली तर त्या टोकाच्या गाडीचे बैल कान टवकारायचे. घरात कानडी, बाजारात मराठी. भाचीला तो लहानपणापासून 'अव्वा' म्हणायचा, म्हणजे आई. आमच्या लग्नात वडिलांच्या जागी त्यानं आणि मामीनं माझे पाय धुतले. मला गुदगुल्या झाल्या, लाजही वाटली, मी पाय मागं ओढला. तेव्हा तो खालच्या आवाजात म्हणाला, "ऱ्हाऊ द्या जावईबापू. आजच्या दिवस ह्ये पाय आमचे हायेत." सगळे हसले.

बहात्तरच्या दुष्काळात बाजार बसला. पाठोपाठ मामी गेली. मामानं घर विकलं आणि तो कुठंतरी निघून गेला. पत्र नाही, निरोप नाही. बायको दोनदा दुधनीला जाऊन आली. कुणी म्हणालं गुलबर्ग्याला आहे, कुणी म्हणालं हुबळीला. नागपंचमीला सगळ्या आळीतल्या बायका माहेरी गेल्या की ही दारात बसून राहायची. "मला आता माहेरच न्हाय की हो," म्हणायची. एवढंच.

दोन-तीन वर्षं अशी गेल्यावर मी पेपरात जाहिरात वाचली. एका लहानशा संस्थानाच्या वारसांनी तनखे बंद झाल्यावर राजवाड्याचं हॉटेल केलं होतं. दोन दिवस राजासारखे राहा, असं लिहिलं होतं. ते गाव कोणतं ते इथं लिहीत नाही, त्यांची माणसं अजून तिथं राहतात. मी स्कूटरचे पैसे काढले. बायकोला बदल हवा, असं सगळ्यांना सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण मला स्वतःला 'सरकार' म्हणवून घ्यायचं होतं, हेही खरं. कारखान्यात मालक मला "अय नक्षीवाले" म्हणून हाक मारायचे.

गाडी होटगी सोडून दक्षिणेला वळली तेव्हा बायको म्हणाली, "स्कूटरवर मागं बसून मी हितून तितं फिरले असते की. राजवाड्यात काय करायचं?" मी म्हणालो, "राज्य." ती खळखळून हसली. किती दिवसांनी हसली होती.

वाड्याच्या मोठ्या दारातून आत गेलो की बायकांना तिथूनच वेगळं नेत. जनाना म्हणून एक बाजू ठेवली होती. दिवसभर बायका तिकडे, पुरुष इकडे, जेवणंही वेगळी. दोन बायका येऊन हिला घेऊन गेल्या. मला एका खोलीत अंगरखा चढवला. तो पाठीमागून उघडा होता, नाड्या बांधायच्या, म्हणजे जाड्या-बारक्या सगळ्यांना होतो. डांबरगोळ्यांचा वास येत होता. डोक्यावर बांधलेला फेटा ठेवला, टोपीसारखा. मग उंच खुर्चीत बसवलं आणि एक म्हातारा पितळी घंगाळ घेऊन आला, लाल फेटा, छातीवर बिल्ला. तो खाली बसला, माझा उजवा पाय हातात घेतला आणि मी त्याच्या मनगटाकडे बघितलं. तिथं गोंदण होतं, विंचवाचं. मामाच्या मनगटावर होतं तेच.

त्यानं वर बघितलं. मी त्याला ओळखलं हे त्याला कळलं. त्यानंही मला ओळखलं होतं, बहुतेक दारातच. शेजारच्या खुर्चीत पुण्याचे एक व्यापारी बसले होते, ते गमतीनं म्हणाले, "घासा जरा, सोलापूरची धूळ आहे!" व्यवस्थापक हसला. मामाही हसला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "सरकार, पानी लई गरम न्हाय न्हवं?"

मी म्हणालो, "नाही."

लग्नात मी पाय ओढला होता. इथं ओढला नाही. का नाही ओढला, हे मला आजही नीट सांगता येत नाही. त्याची नोकरी जाईल असं वाटलं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. पण तेव्हा तसं काही वाटल्याचं आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की पाणी छान कोमट होतं आणि पुण्याचे गृहस्थ बघत होते.

दुपारी तो मला मागच्या व्हरांड्यात भेटला. मी काही बोलायच्या आधीच म्हणाला, "अव्वाला नगा सांगू."

"मामा, ती तुम्हाला शोधत दोनदा दुधनीला गेली."

"म्हनूनच नगा सांगू. तिच्या म्होरं मी मामाच ऱ्हाऊ द्या. हितं मी कोन हाय त्ये बघितलंत न्हवं?" मग जरा हसून म्हणाला, "काम वाईट न्हाय. जेवन हाय, कापड हाय. आवाजावर घेतलं मला."

मी "बरं" म्हणालो. फार लवकर म्हणालो. त्यानं अजून एकदा आग्रह करायला हवा होता, किंवा मी नको म्हणायला हवं होतं. त्याचं ऐकलं म्हणून मी गप्प बसलो, की सुटलो म्हणून? बायकोला सांगितलं असतं तर ती घंगाळासकट सगळं उधळून मामाला सोलापूरला घेऊन आली असती. मग माझे दोन दिवस गेले असते, ही गोष्ट माझ्या मनात आली होती. ती आली होती, हे लिहिलंच पाहिजे.

संध्याकाळी दरबार भरला. आम्ही पुरुष गाद्यांवर बसलो, बायका वर सज्ज्यात बांबूच्या चिकाच्या पडद्याआड. मामानं ललकारी दिली. छत घुमलं. पहाटेही तोच आवाज सगळ्या वाड्याला उठवायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात बायकोची गाठ पडली तेव्हा ती म्हणाली, "अहो, तो पुकारणारा कोन हाय? आवाज आमच्या मामासारखा हाय की."

मी म्हणालो, "राजवाड्यात सगळे असेच ओरडतात गं."

"व्हय की," ती म्हणाली आणि नेसायला दिलेल्या शालूच्या काठावरून बोट फिरवत राहिली.

निघताना मामानं माझ्या हातात कागदात गुंडाळलेला एक खण दिला, हिरवा, लाल काठाचा. "भाची घरी आली तर रिकाम्या हातानं कशी लावून देऊ? द्या तिला. कुनी दिला त्ये सांगू नगा, जावईबापू." दोन दिवसांत एवढं एकदाच तो मला जावईबापू म्हणाला.

स्टेशनवर नेणाऱ्या बसमध्ये मी तो बायकोला दिला आणि म्हणालो, जाताना प्रत्येक बाईला देतात. तिनं तो मांडीवर उलगडला. "बघा," म्हणाली, "राजवाडा म्हनजे राजवाडा. माहेरातून निघाल्यागत वाटलं." तेव्हापासून आळीत कुणी विचारलं की स्कूटर कुठाय, तर ती खण दाखवायची. "पैसे वसूल झाले," हे आधी ती म्हणाली. मी नंतर म्हणायला लागलो.

पुढच्या वर्षी तिच्या सांगण्यावरून शेजारच्या वहिनी आणि त्यांचे यजमान तिथं गेले. आल्या त्या तणतणत. "कसला खण नि कसलं काय! जाताना एक नारळसुद्धा न्हाय दिला. तुमी तर म्हनत होता माहेर हाय म्हनून!"

मी कपाटात काहीतरी शोधायला लागलो. बायको माझ्याकडे बघत होती, ते मला पाठीवर कळत होतं. मग ती वहिनींना म्हणाली, "तुमी घाईत निघाला असाल की."

त्यानंतर तिनं खण कुणाला दाखवला नाही. त्याची चोळी शिवली आणि ती फक्त नागपंचमीला घालायची.

आणखी दोन वर्षांनी दुधनीच्या एका आडत्याचं कार्ड आलं. मामा गेल्याचं. कुठं गेला ते गावही लिहिलं होतं. बायकोनं कार्ड वाचलं, पुन्हा वाचलं. रडली नाही. म्हणाली, "आपन गेलो होतो तेच गाव हाय."

"हो का?" मी म्हणालो.

"तुमाला तितं कुटं दिसला न्हवता न्हवं?"

मी म्हणालो, "नाही."

यावर तिनं काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतर कधीच नाही. कारखान्यात चौकटीच्या कागदावर एखादं घर चुकून रंगलं तर आम्ही ते खरवडून काढायचो. तो 'नाही' मला कधी खरवडता आला नाही. तिला माहीत होतं की नव्हतं, याचा मी इतक्या वर्षांत दोन्ही बाजूंनी विचार केलाय. माहीत होतं म्हणावं तर ती माझ्याशी इतकी नीट कशी वागली? आणि नव्हतं म्हणावं तर ती चोळी नागपंचमीलाच का?

तेव्हा आता नीट लिहितो. दिसला होता. त्यानं माझे पाय धुतले आणि मी ते धुऊ दिले. खण त्याचाच होता.

हे सगळं मी काल नातीला वाचून दाखवलं. तिनं मोबाइल उलटा ठेवला. मग म्हणाली, "आजोबा, पण मग पैसे वसूल झाले की नाही?"

खरंच मला कळत नाही. हॉटेलनं जे विकलं त्यातलं काहीच घरी आणण्यासारखं नव्हतं, आणि जे घरी आणलं ते हॉटेलचं नव्हतं. बायकोला तिचा मामा भेटू शकला असता, तो मी भेटू दिला नाही. पण तिथं गेलोच नसतो, तर पडद्याआडून का होईना, दोन पहाटे तिच्या मामाच्या आवाजानं ती जागी झाली, तेही झालं नसतं. याला वसूल म्हणायचं का, हे ज्या बाईला विचारायला हवं होतं, तिला मी विचारलं नाही.